बॉयलरची खोड

आमचा बॉयलर आजारी नाही, तो ढोंग करून राहिलाय, असं बापूंनी सकाळी जाहीर केलं. ते सांगायला त्यांनी आम्हाला चुलीपाशी बोलावलं आणि आवाज खाली घ्यायला लावला, कारण अंगणात त्याला ऐकू गेलं असतं.

अंगणातला हा बॉयलर म्हणजे हळद शिजवायचं यंत्र. खाली भट्टी, वर पाण्याची लोखंडी टाकी. टाकीतून एक पाइप निघतो आणि शेजारच्या दोन ड्रमांत जातो. ड्रमांत ओली हळद भरायची, भट्टी पेटवायची, वाफ पाइपातून जाऊन हळद शिजवते. टाकीच्या डोक्यावर शिट्टी आहे. वाफ फार झाली की ती उडते, घरातल्या कुकरसारखी, फक्त हिचा आवाज सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्यांना ऐकू जातो. पोटावर काट्याचं एक घड्याळ आहे, ते वाफेचा जोर दाखवतं. संपला बॉयलर. ह्याहून जास्त भाग आमच्या बैलात होते.

त्या दिवशी पहाटेच भट्टी रसरसली, पाणी खदखदलं, शिट्टी उडाली, परत उडाली, उडतच राहिली. पण ड्रममधली हळद होती तशीच. याडीनं ड्रममध्ये हात घालून पाहिला.

"गार हाय," ती म्हणाली.

याडी म्हणजे आमची आई, भिकाबाई. ड्रममधली हळद तिची होती. घरची म्हणून तिची नव्हे, तिची म्हणून तिची. कालव्याच्या कडेचा अर्धा एकर बापूंनी पडीक ठरवला होता. तिथं याडीनं स्वतः बेणं लावलं, पाणी दिलं, खुरपलं आणि भर तांड्यात सांगून टाकलं की ही हळद भिकाबाईच्या नावानं वसमतच्या मोंढ्यात जाईल. बापू म्हणाले होते, जाऊ दे, मी आडवा येत न्हाई. आता काढलेली हळद पाल्याखाली ढिगानं पडली होती आणि काढलेली हळद फार दिवस वाट बघत नाही. ती सुकते, सुरकुतते, रंग सोडते. बापू आडवे आले नव्हते हे खरं. पण त्यांचा बॉयलर आला होता, आणि याडीला ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं वाटत नव्हतं.

"बराबर माझ्याच हळदीला कसा काय बिघडला?" ती म्हणाली.

"तेच म्हणून राहिलो ना मी," बापू म्हणाले. "ढोंग हाय."

बापूंची, म्हणजे आमच्या वडिलांची, हयात बैलबाजारात गेली. ट्रॅक्टर आले, बाजार बसला, तेव्हा त्यांनी शेवटची जोडी विकून हा बॉयलर घेतला. घेताना त्याच्याभोवती फिरून पाहिलं, पाठीवर थाप मारली, खाली वाकून पोट बघितलं. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक जाणकार आहे. दात बघायचे तेवढे राहिले.

तर बापूंचं म्हणणं असं, की काही बैल जू दिसलं की खाली बसतात आणि डोळे फिरवतात. खरा आजारी कोण आणि ढोंगी कोण हे कळायला एकच उपाय. त्याला एकटं सोडायचं आणि आडून बघायचं. ढोंगी असला तर माणसं गेल्यावर उठून चरायला लागतो.

म्हणून आम्ही गोठ्याच्या भिंतीमागं जाऊन बसलो. मी, बापू, आणि अंघोळीचं गरम पाणी न्यायला बादली घेऊन आलेले भावसिंग काका, ज्यांना काय चाललंय हे कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळे बसलेत म्हणून तेही बसले. बॉयलर बराच वेळ उभा होता. एकदा त्याची शिट्टी फुरफुरली.

"बघितलं?" बापू कुजबुजले.

"काय?" भावसिंग काका कुजबुजले.

"तुमाला न्हाई सांगायचं," बापू म्हणाले.

कारण बॉयलरला ढोंग कोणी शिकवलं, ह्याच्या संशयितांत भावसिंग काका पहिले होते. तांड्यात दुसरा बॉयलर त्यांचाच. त्यांच्याकडं बॉयलर असताना ते आमच्याकडं गरम पाण्याला काहून येतात, हा बापूंचा जुना सवाल. काका म्हणत, माझ्या पाण्याला गंज लागलाय. बापूंना ते पटत नव्हतं. मलाही पटत नव्हतं, पण मला तर बादलीही पटत नव्हती. ती फार मोठी होती.

मी मोबाइलवर शोधलं. बॉयलर बिघडला तर काय करावं, असं विचारल्यावर एका थंड मुलखातला गोरा माणूस आला. त्याचा बॉयलर घर तापवायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला, पांढराशुभ्र, भांड्यांच्या कपाटाएवढा. तो पहिल्याच वाक्यात म्हणाला की ह्याला स्वतः हात लावू नका, जाणकार माणूस बोलवा. आणि पुढचा अख्खा व्हिडिओ तो स्वतः हात लावत होता. मला त्याचाही संशय आला.

तरी मी त्याच्याप्रमाणं करून बघितलं. बंद केला, चालू केला. म्हणजे भट्टी विझवली, पेटवली. शिट्टी उडाली, हळद गार.

दुसऱ्या दिवशी सकाळी याडी ढिगापाशी गेली, पाला उचलला, एक कांडी मोडून वास घेतला आणि सरळ अंगणात आली.

"आवं, ऐकून राह्यले का? आज मिस्तरी येईल, न्हाई तर हळद भावसिंग भाऊंच्या बॉयलरवर जाईल. डोक्यावर नेईन. समद्या तांड्याच्या मधून नेईन."

बापूंनी भावसिंग काकांच्या घराकडं बघितलं. आपल्या बायकोची हळद दुसऱ्याच्या बॉयलरवर शिजणं म्हणजे काय, हे ज्याच्या दारात बॉयलर आहे त्यालाच कळतं.

"बोलवू," ते म्हणाले. "पण एक गोष्ट. खोड त्याला कोणी सांगायची न्हाई."

"कोणती खोड?" मी विचारलं.

"हीच. शिट्टी उडते, हळद शिजत न्हाई. एक अक्षर बोलायचं न्हाई. बाजारात आपण आपल्या जनावराची खोड कधी सांगितली का? समोरच्यानं ओळखायची असते. ओळखली तर तो खरा. न ओळखता हे बदला, ते बदला करू लागला, तर समजायचं दलाल हाय."

"बापू, आपण बॉयलर विकून न्हाई राह्यलो. दुरुस्त करून राह्यलो."

"त्याला काय माहीत?"

 

याडी म्हणाली, "कायबी करा. माझी हळद शिजली पायजे."

मग तयारी सुरू झाली. बापूंनी बॉयलर धुतला. काजळी खरवडली, तेलाचा हात फिरवला. जुन्या जोडीचे लाल गोंडे माळ्यावर होते, ते काढले. घड्याळाचा काटा जास्त पुढं जायचा, बापूंच्या हिशेबानं तो बैलाचा खराब डोळा. त्याच्यावर मोठा गोंडा सोडला. आणि शिट्टी फुरफुरू नये म्हणून शिडी लावून वर चढले आणि तिला तारेनं आवळून बांधलं. मी शिडी धरली होती. मला विचारावंसं वाटलं की ती उडते ती काहून उडते. पण बापू वरून म्हणाले, "तोंड बांधलं की फुरफुरणं बंद," आणि ते बैलाच्या बाबतीत तरी खरं होतं.

मग भट्टी पेटवली. याडीनं ड्रम भरून ठेवलाच होता. गिऱ्हाईक यायच्या आधी जनावर थोडं चालवून ठेवायचं असतं, म्हणजे ते तरतरीत दिसतं.

मिस्तरी आला कुरुंद्याहून, मोटारसायकलवर, मागं पान्यांची पिशवी. फरदीन नाव. माझ्याच वयाचा, बारीक दाढी, अंगात एका खताच्या कंपनीचा शर्ट. उतरल्या उतरल्या त्यानं बॉयलरकडं बघितलं, गोंड्यांकडं बघितलं, आणि मोटारसायकल परत गावाकडं तोंड करून लावली.

"काय तकलीफ हाय, काका?"

"कोणाला?" बापू म्हणाले.

"बॉयलरला."

"बॉयलर एकदम बराबर हाय."

"मग मला काहून बोलावलं?"

"चहाला."

फरदीननं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. आभाळात काही नव्हतं, तरी मी बघत राहिलो.

"फोनवर तुमी म्हणला का नाही भाऊ, अर्जंट या म्हणून?"

"चहा अर्जंट होता," मी म्हणालो.

मग मला समजलं की फरदीनलाही संशय आला आहे. त्यानं पिशवी खाली ठेवली नाही, खांद्यालाच अडकवून ठेवली. बॉयलरभोवती एक फेरी मारली. बापू त्याच्या मागून फिरले. तो थांबला की थांबायचे. त्यानं पाइपावर हात ठेवला, उचलला, परत ठेवला, आणि "हं" म्हणाला.

"काय हं?" बापू म्हणाले.

"काय न्हाई."

"काहीतरी दिसलं का?"

"तुमी म्हणून राह्यले ना, बराबर हाय. मग मला काय दिसणार?"

नंतर फरदीननं सांगितलं ते असं. मागं एकानं त्याला असंच बोलावलं होतं. मशीन चांगलं, सगळं चांगलं. ह्यानं एक नट ढिला आहे म्हणून सांगितलं, की तो माणूस म्हणाला, मला माहीतच होतं, आणि पैसे न देता स्वतः आवळून मोकळा झाला. तेव्हापासून फरदीननं ठरवलं होतं, की गिऱ्हाईकानं तोंड उघडल्याशिवाय आपण उघडायचं नाही.

म्हणजे अंगणात आता दोन माणसं होती. एकाला खोड माहीत होती, तो सांगत नव्हता. दुसऱ्याला कदाचित दिसली होती, तोही सांगत नव्हता. दोघं बाजेवर बसून चहा पीत होते. भावसिंग काका बादली घेऊन कधी आले कळलं नाही, तेही एका कडेला टेकले होते.

"ऊन वाढलं," फरदीन म्हणाला.

"वाढतं," बापू म्हणाले.

"शिट्टी लई शांत हाय तुमची."

"स्वभाव हाय तिचा."

"एवढ्या जाळावर उडायला पायजे होती."

"आमचं घरच शांत," बापू म्हणाले, आणि पाहुण्याला दाखवायला मायेनं बॉयलरकडं बघितलं.

त्याच वेळी बॉयलर बोलायला लागला. आधी बारीक, पत्र्याखाली मधमाश्या असाव्यात तसा. मग जरा जाड. बाजेची दोरी थरथरली. माझ्या बशीतला चहा आपोआप गोल फिरायला लागला. हे मी नवलानं बघत बसलो, कारण मला तो शुभशकुन वाटला.

फरदीन उभा राहिला. "काका, तो गोंडा काढा. मला काटा बघू द्या."

"नजर लागंल म्हणून बांधलाय."

"शिट्टीला काय केलं तुमी?"

"शिट्टीला काय करायचं?"

"काका, मी विचारून राहिलो, शिट्टीला काय केलं?"

बापूंनी ओठ घट्ट मिटले. अशा वेळी समोरचा आवाज चढवतो, खेकसतो, निघून जायचं नाटक करतो, आणि जो आधी बोलतो तो गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते गेलेले नव्हते. कधीच गेलेले नव्हते.

फरदीन मागं सरकला. "समदे भिंतीमागं व्हा! मावशी, तुमीबी! ड्रम सोडा!"

याडी ड्रमापाशी होती. झाकणाच्या फटीतून आत बघत होती.

"थोडी ऊब लागून राह्यली," ती म्हणाली. "आता न्हाई सोडत. माझी हळद हाय ह्यात."

"मावशी, हा फुटंल!"

"फुटू द्या. शिजल्यावर फुटू द्या."

भावसिंग काका बादली टाकून भिंतीमागं पोचलेसुद्धा होते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि बापूंकडं बघितलं. बापू याडीकडं बघत होते. बॉयलरचा आवाज आता त्यांच्या दातांत वाजत असावा, कारण माझ्या दातांत वाजत होता.  असं वाटलं, त्यांच्या आतून काहीतरी वर येतंय आणि त्याला रस्ता माहीत नाही.

"त्याला खोड हाय," बापू म्हणाले.

"काय?"

"खोड हाय त्याला!" बापू एवढ्या मोठ्यानं ओरडले की याडीनंही वळून बघितलं. "फुरफुरतो! कालपासून शिट्टी उडून राह्यली अन् हळद गारच्या गार! मीच तोंड बांधलं त्याचं! तारेनं बांधलं! भिकाबाई, निघ तिथून!"

बापूंनी याडीला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. तिनंही पहिल्यांदाच ऐकली असावी. तिनं ड्रम सोडला. घाबरून नव्हे, बुचकळ्यात पडून सोडला, आणि कोणीतरी ओढत नेल्यासारखी चालत भिंतीमागं आली.

फरदीननं लांब दांड्याचं फावडं घेतलं, वाकून भट्टीतला सगळा जाळ बाहेर ओढला आणि पळत आला. मग कैऱ्या उतरवायचा आमचा आकडीचा बांबू भिंतीवरून सोडला. आम्ही सगळे खाली बसलो. त्याची आकडी एकदा गोंड्यात अडकली, एकदा धुराड्यात, आणि मग तारेत. त्यानं झटका दिला.

त्यानंतर जे झालं त्याला उडणं म्हणता येत नाही. शिट्टीनं आमच्या सगळ्यांच्या वतीनं बोंब मारली. म्हशीनं दावं तोडलं. पांढरी वाफ आभाळात एवढी उंच गेली, की पलीकडच्या तांड्यावरून कोणाचा तरी फोन आला, तुमच्याकडं मंत्री आले का हेलिकॉप्टरनं. मी नाही म्हणालो. त्याला पटलं नाही.

वाफ संपली, लोखंड निवलं, तेव्हा फरदीननं पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. पहिल्यांदाच.

"आता पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला.

बापूंनी सांगितलं. फरदीननं ऐकलं, पाइपाचा जोड खोलला, आत बोट घातलं आणि मातीचा एक गोळा बाहेर काढला. आत नळ्या नळ्या, साफसूफ, लिंपलेल्या. कुंभारीण माशीचं घर. गेल्या हंगामानंतर ड्रमाकडचा पाइप उघडा राहिला, तिनं आत संसार थाटला. वाफेला पुढं जायला जागा नव्हती, म्हणून ती शिट्टीतून वर जात होती.

"हात लावला तेव्हाच कळलं होतं मला," फरदीन म्हणाला. "ह्या बाजूला पाइप गरम, त्या बाजूला गार."

"मग बोलला काहून न्हाई?" याडीनं विचारलं.

"तुमी बोलला का?"

याडीनं ह्या दोघांकडं एकदा बघितलं आणि भट्टीसाठी पऱ्हाट्यांची मोळी आणायला गेली. बापूंनी मातीचा गोळा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि भावसिंग काकांकडं बघितलं.

"ही माशी तुमच्याकडली दिसून राह्यली."

"माशीला काय माझं नाव लिहिलंय?" भावसिंग काका म्हणाले, आणि बादली शोधायला लागले. तिच्यावरून म्हैस गेली होती.

पाइप साफ झाला. जोड बसला. गोंडा काढला, काटा दिसायला लागला, शिट्टी मोकळी ठेवली. भट्टी परत पेटली. थोड्या वेळानं ड्रमाच्या झाकणाखालून वाफ आली आणि तिच्यासोबत वास, ओला, जड, मातीचा आणि औषधाचा. याडीनं ड्रमातून एक गड्डा काढला आणि बाभळीचा काटा त्यात खुपसला. काटा लोण्यात जावा तसा गेला. तिनं तो गड्डा मोडला. पिवळं म्हणजे काय असतं ते मी तेव्हा आत बघितलं.

"झाली," ती म्हणाली. कोणाला म्हणाली नाही.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण बापूंनी आयुष्यात पहिल्यांदा खोड सांगितली होती, आणि ते थांबायला तयार नव्हते. फरदीन हात धुवत होता तिथं जाऊन ते म्हणाले, "मोटारीचा पंपबी सुरू होताना आवाज करतो."

"बरं."

"म्हैस डाव्या बाजूनं लाथ मारते."

"ते माझं काम न्हाई, काका."

"घेताना मला सांगितलं नव्हतं. माझा उजवा गुडघा वाजतो. ह्या प्रेमदासला एकदा सांगितलेलं काम कळत न्हाई, तिसऱ्यांदा सांगावं लागतं. दिसतो हुशार."

"बापू," मी म्हणालो.

"खरं हाय ते सांगून राहिलो. तो कालव्याकडला तुकडा मी पडीक म्हणालो, तो पडीक नव्हता. मला तिथं चढून जायचा कंटाळा यायचा."

याडी टोपलं भरत होती. तिचा हात थांबला, पण तिनं वर बघितलं नाही.

फरदीननं पाणी झटकलं. बापूंकडं, मग माझ्याकडं, मग बॉयलरकडं बारीक डोळे करून बघितलं. मोटारसायकलची चावी हातात होती, ती त्यानं परत खिशात टाकली आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, खरं सांगा. सकाळी तोंड उघडत नव्हते, आता म्हशीपर्यंत समदं सांगून राह्यले. ह्यांनी अजून मोठं काय लपवलंय?"

"मला माहीत न्हाई," मी म्हणालो. ते खरं होतं, म्हणून त्यानं विश्वास ठेवला नाही. तो पाना काढून बॉयलरच्या खालच्या नळाकडं वाकला.

"बाजूला व्हा दोघंबी," याडी म्हणाली. तिच्या डोक्यावर वाफाळणारं टोपलं होतं, पदराला पिवळं पाणी लागलं होतं. बापूंनी पुढं होऊन टोपल्याला हात लावला. तिनं तो काढला. "ह्याला न्हाई. दुसरा ड्रम भरायला लागा."

बापू ढिगाकडं गेले. याडी तांड्याच्या मधल्या रस्त्यानं खळ्याकडं निघाली. मागून जवळची वाट होती, पण ती मधूनच गेली.